डाव्या रकान्यात लॅटिन, उजव्या रकान्यात इंग्रजी: एका मिस्साग्रंथाचे परीक्षण

गेले वर्षभर मी पारंपरिक लॅटिन मिस्सेला, म्हणजे जुन्या विधीने होणाऱ्या कॅथलिक उपासनेला, जाताना १९६२ च्या रोमन मिस्साग्रंथावर (मिस्सेच्या प्रार्थनांच्या पुस्तकावर) आधारलेली एक छोटी, हातात धरून वाचायची आवृत्ती वापरत आहे. डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी आणि शेवटी ख्रिस्तसभेच्या अधिकाराशी संबंधित लॅटिन संज्ञांचा कोश अशी तिची रचना आहे. उपासनेसाठी ती मला मनापासून आवडली. कोशाने मात्र निराशा केली.

छपाई देखणी आहे. म्हणायचे शब्द काळ्या शाईत आणि करायच्या कृती लाल शाईत, ही जुनी रीत येथे काटेकोरपणे पाळली आहे. या सूचनांना ‘रुब्रिक’ म्हणतात, तेही ‘रुबेर’ म्हणजे लाल या लॅटिन शब्दावरूनच. कॅननच्या, म्हणजे मिस्सेतील मध्यवर्ती प्रार्थनेच्या, पहिल्या परिच्छेदात ‘हेक दोना, हेक मुनेरा, हेक सांक्ता साक्रिफिचिया’ या शब्दांमध्ये तीन बारीक लाल क्रूस छापले आहेत. धर्मगुरू अर्पणांवर क्रूसाची खूण नेमकी कोठे करतात, हे त्यांवरून कळते. दान, भेट आणि पवित्र बली या तीन शब्दांना तीन खुणा. व्याख्यानातून जे मनात ठसले नसते, ते या एका ओळीने ठसवले.

जुन्या विधीत कॅनन अगदी हळू आवाजात म्हटला जातो, त्यामुळे नवख्याची जागा हमखास चुकते. माझीही अनेकदा चुकली. मात्र ‘नोबिस क्वोक्वे पेक्कातोरिबुस’, म्हणजे ‘आम्हा पापी जनांनाही’, हे तीनच शब्द धर्मगुरू छाती बडवत किंचित मोठ्याने उच्चारतात आणि या पुस्तकात ते ठळक अक्षरांत असल्यामुळे त्या क्षणी बोट पुन्हा योग्य ओळीवर येते. तीन किंवा त्याहून अधिक उच्चारखंडांच्या शब्दांवर आघातचिन्हे दिली आहेत, हीही मोठी सोय आहे. पोप सातव्या अलेक्झांडर यांनी १६६१ मध्ये मिस्साग्रंथाच्या एका फ्रेंच भाषांतराचा निषेध केला होता, हे आठवले की हा उजवीकडचा रकाना आपल्याला किती सहज मिळाला आहे, याची जाणीव होते.

आता कोशाविषयी. ‘निहिल ओब्स्तात’ (काही आडवे येत नाही) आणि ‘इम्प्रिमातुर’ (छापले जावो) यांचे अर्थ बरोबर आहेत. परंतु या शिक्क्यांचा अर्थ मजकुरात श्रद्धेला बाधक चूक आढळली नाही इतकाच असतो, लेखकाच्या प्रत्येक मताला बिशपांनी मान्यता दिली असा नसतो, हा खुलासा नाही. ‘एक्स काथेद्रा’ (आसनावरून) या संज्ञेला तर ‘पोपचे अचूक वचन’ एवढ्या एकाच ओळीत उरकले आहे, आणि ही चूक गंभीर आहे. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी घातलेल्या अटींनुसार पोपमहोदय सर्व ख्रिस्ती जनांचे मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने, आपल्या सर्वोच्च प्रेषितीय अधिकाराने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीचा सिद्धांत संपूर्ण ख्रिस्तसभेने मानावा म्हणून निश्चित करतात, तेव्हाच ही संज्ञा लागू होते. त्यानंतर अशी व्याख्या एकदाच झाली: १ नोव्हेंबर १९५० रोजी, बारावे पायस यांनी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाविषयी (तिला सदेह स्वर्गात घेतले जाण्याविषयी) केलेली. ज्या शब्दावरून इतके गैरसमज होतात, त्याला निदान अर्धे पान द्यायला हवे होते.

‘मोतू प्रोप्रिओ’ म्हणजे ‘स्वतःच्या पुढाकाराने’ काढलेले पत्रक, हे सांगताना उदाहरण दिले आहे ते जुन्या विधीला मोकळीक देणाऱ्या, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या ७ जुलै २००७ च्या पत्रकाचे, आणि कोश तेथेच थांबतो. पोप फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ रोजी तसेच दुसरे पत्रक काढून या विधीच्या परवानगीचा अधिकार पुन्हा स्थानिक बिशपांकडे सोपवला. प्रकाशकांनी निदान एक चिठ्ठी आत घालायला हवी होती.

हे पुस्तक घेण्यापूर्वी आपल्याकडची लॅटिन मिस्सा जुन्या विधीची आहे की नव्या, ही चौकशी मात्र जरूर करावी. पोप सहाव्या पॉल यांच्या नव्या विधीची मिस्साही लॅटिनमध्ये होऊ शकते आणि तेथे हे पुस्तक उपयोगी पडत नाही: नव्या विधीत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात, यात ती एकाच वर्षाची आहेत, शिवाय ‘दोमिने, नोन सुम दिग्नुस’ (प्रभो, मी पात्र नाही) ही प्रार्थना येथे तीनदा छापली आहे, तर तेथे ती एकदाच म्हणतात.