कागदाचे स्टूल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रद्दीपासून केलेले स्टूल म्हटले की ‘बसल्यावर मोडणार तर नाही ना?’ हाच पहिला प्रश्न येतो. आठ महिने रोज वापरल्यानंतर मी एवढे नक्की सांगू शकतो की वजनाची काळजी करण्याचे कारण नाही. बैठकीच्या फळीत नालीदार पुठ्ठ्याचे थर असे चिकटवले आहेत की प्रत्येक थरातील नाल्या आधीच्या थराला आडव्या जातात, त्यामुळे फळी कोणत्याही एका दिशेने सहज वाकत नाही. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या १९७२ सालच्या नागमोडी पुठ्ठ्याच्या खुर्चीतही हीच युक्ती होती. पाय म्हणजे कापडाचे तागे गुंडाळण्याच्या जाड नळ्या. उभ्या ठेवल्या की त्या आश्चर्य वाटावे इतका भार पेलतात.

वरचा थर लगद्याचा आहे. तो घासून गुळगुळीत केला असला तरी एका कडेला वॉर्निशखाली वर्तमानपत्रातील अर्धवट ‘क्ष’ अजून वाचता येतो, आणि खरे सांगायचे तर मला स्टुलाचा तोच कोपरा सर्वांत आवडतो.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. कागदाचे तंतू एकमेकांना ज्या बंधांनी धरून असतात ते ओलाव्याने सैल होतात. बैठकीवर सांडलेला चहा लगेच पुसला तर डागही राहिला नाही, कारण तेथे वॉर्निशचे हात व्यवस्थित दिलेले आहेत. परंतु पायांची खालची तोंडे कारागिराने कोरीच सोडली होती. फरशी पुसताना राहिलेले पाणी त्यांनी शोषले, एक पाय बोटभर उंचीपर्यंत फुगला, त्याचे पापुद्रे सुटले आणि स्टूल डुगडुगू लागले. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात कागदी नळ्यांचे चर्च उभारले, ते २०१३ साली खुले झाले, तेव्हा त्या नळ्यांवर पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकचे छप्पर घालावेच लागले. मग जमिनीला टेकणाऱ्या पायांना साधे आवरणही नसावे, ही चूक मला क्षम्य वाटत नाही.

तक्रार केल्यावर नवी नळी मिळाली, ती बसवायला अर्धा तासही लागला नाही. या वेळी चारही पायांच्या तोंडांना मी आधी वॉर्निश पाजले आणि ते वाळल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या चिकटवल्या. तेव्हापासून तक्रार नाही. मात्र वॉर्निश जितके जाड, तितका तो कागद पुन्हा लगद्यात घालणे अवघड, हे विक्रेत्याने माहितीपत्रकात लिहायला हवे होते. तेथे ‘शंभर टक्के पुनर्वापरयोग्य’ असेच छापले आहे.

अभ्यासाच्या खोलीत, पलंगाशेजारी किंवा पुस्तके ठेवायला हे स्टूल जरूर घ्यावे. न्हाणीघराजवळ किंवा गॅलरीत ठेवणार असाल तर लाकडी घ्या.