पूर्वेचा मार्क, पश्चिमेचा मार्क

दोन्ही जर्मनींची एक मार्कची नाणी तळहातावर ठेवा. पूर्वेचं रुंद, २५ मिलिमीटरचं, पण ॲल्युमिनियमचं; वजन जेमतेम अडीच ग्रॅम. पश्चिमेचं किंचित लहान, तांबं-निकेलचं, साडेपाच ग्रॅमचं. पश्चिमेच्या नाण्यावर गरुड, पूर्वेच्या नाण्यावर हातोडा आणि वर्तुळ काढायचा कंपास.

पूर्वेची जवळजवळ सगळीच नाणी अशी हलकी. अपवाद २० फेनिगचा (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग): १९६९ पासून ते पितळेचं निघालं, कारण सार्वजनिक टेलिफोनला वजनदार नाणं लागे. माझं सर्वांत आवडतं तेच.

१ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क पूर्वेत आला. तरी सुट्या पैशांच्या टंचाईमुळे पूर्वेची ५० फेनिगपर्यंतची चिल्लर आणखी वर्षभर चालली. संग्रहासाठी मी पूर्वेचंच नाणं निवडेन.