भरल्या गाडीसाठी मागचे सस्पेन्शन: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या ३५० सीसीच्या गाडीला मागे दोन शॉकॲब्सॉर्बर आहेत आणि त्यांचे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, सहा टप्प्यांत बदलता येते. परंतु गाडी घेतल्यापासून दोन वर्षे मी त्याला हात लावला नव्हता. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे सामानासह नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याकडे आणि तिथून पुढे गुजरातेत निघालो, तेव्हा पहाटेच्या अंधारात दिंडोरी सोडल्यापासून समोरचे ट्रकवाले सारखे डिपर मारत होते, कारण मागची बाजू बसल्यामुळे हेडलाइटचा झोत त्यांच्या डोळ्यांवर जात होता. प्रत्येक खड्ड्यात शॉकॲब्सॉर्बर तळाला आपटत होते आणि तो दणका पत्नीच्या कमरेला बसत होता.

परत आल्यावर मी प्रथम मोजमाप केले. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक लोंबकळू दिले, आणि चाकाच्या ॲक्सलपासून बरोबर वर सीटखालच्या पट्टीवर केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने घेतले. नंतर स्टँड काढून दोघे बसलो, शेजाऱ्यांना गाडी धरायला सांगितले आणि तेच अंतर पुन्हा घेतले. चाकाला वरखाली होण्यासाठी एकूण ९० मिलिमीटर वाव आहे. त्यातला साधारण एक तृतीयांश बसल्या बसल्या खर्च व्हावा, असा सर्वमान्य संकेत आहे. मी एकटा असताना दुसऱ्या टप्प्यावर २८ मिलिमीटर भरले, ते योग्यच होते. दोघे आणि १८ किलो सामान असताना मात्र ५२. पाचव्या टप्प्यावर हाच आकडा ३८ वर आला.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती जेवढी कडक होती तेवढीच राहते. वजनाखाली दबलेली गाडी फक्त पुन्हा वर उचलली जाते, त्यामुळे खड्ड्यासाठी वाव शिल्लक राहतो, झोत रस्त्यावर येतो आणि वळणात गाडी जड वाटत नाही. परतीच्या उसळीला आवर घालणारे तेलाचे डॅम्पिंग माझ्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये बदलता येत नाही. म्हणून लांबट उंचवट्यावर भरलेली गाडी आजही दोन-तीनदा हेलकावते, आणि टप्पा कितीही वाढवला तरी ते थांबत नाही.

डिसेंबरात इंदूरला जाताना, सुमारे ४०० किलोमीटरच्या त्या प्रवासात, राहूड घाटाच्या उतारावर आणि पुढे बिजासन घाटात एकदाही तळ लागला नाही. जड वस्तू मी कॅरिअरवरून काढून सॅडलबॅगेत, शक्य तितक्या पुढे आणि खाली ठेवल्या होत्या. त्याचाही यात मोठा वाटा आहे. टायरमधली हवा माहितीपुस्तिकेत डबलसीटसाठी दिल्याप्रमाणे भरली आणि चेनची ढील दोघे बसलेलो असताना तपासली, कारण वजनाने स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) वर गेला की चेन ताणली जाते.

फेब्रुवारीत एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगनंतर मात्र गाडी कसारा घाटात डाव्या आणि उजव्या वळणाला वेगळी वागू लागली. घरी येऊन पाहिले, तर डावीकडे तिसरा टप्पा होता आणि उजवीकडे चौथा. तेव्हापासून प्रीलोडचे कडे मी स्वतःच हुक पान्याने फिरवतो आणि दोन्ही बाजूंच्या खाचा बोटाने मोजल्याशिवाय गाडी काढत नाही. इगतपुरीच्या पावसातला चिखल खाचांत वाळला की कडे जागचे हलत नाही. जोर लावला तर पाना निसटून बोटे सोलतात. साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने कडे आधी स्वच्छ करावे, मगच फिरवावे. त्याच वेळी शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर तेलाचा ओलावा दिसतो का, तेही पाहून घेतो. अजून दोन्ही दांडे कोरडे आहेत.

प्रवासाहून आल्यावर टप्पा पुन्हा दुसऱ्यावर आणणे मात्र आवश्यक आहे. एकदा मी तो पाचव्यावरच ठेवून आठवडाभर एकटा अंबडला कामावर गेलो, तर नाशिकच्या द्वारका चौकात पाय नीट टेकत नव्हते आणि प्रत्येक गतिरोधकावर मागचे चाक उडत होते.