ताबा मिळण्याआधीच गेलेलं डिपॉझिट

लहान शहरातले उद्योग जोरात चालू लागले की नोकऱ्या भराभर निघतात, पण भाड्याची घरं त्या वेगानं बांधून होत नाहीत. ही टंचाई खरी असते, म्हणूनच ‘आणखी दोघं बघून गेलेत, आजच टोकन टाका’ हे खोटंही खरं वाटतं. रुजू व्हायची तारीख ठरलेली, तिथे ओळखीचं कुणी नाही, घर बघायला जायचं तर रजा हवी. फसवणारा नेमका असाच माणूस हेरतो.

फोटो बहुतेकदा विक्रीच्या जुन्या जाहिरातीतून उचललेले असतात. कोपऱ्यातली त्या साइटची खूण (वॉटरमार्क) कापल्यामुळे ते विचित्र अरुंद दिसतात. भाडं आजूबाजूपेक्षा थोडंसंच कमी, संशय येणार नाही इतपत. मालक परदेशात, चावी ‘आमचा माणूस आणून देईल’. आधी छोटं टोकन, मग ‘परत मिळणारी’ व्हिजिट फी, मग डिपॉझिट, मग कराराचा खर्च. आधीचे पैसे अडकलेत या धास्तीनं माणूस पुढचे भरत जातो. मोठं नुकसान टोकनात होत नाही, या नंतरच्या हप्त्यांत होतं.

फोटो चित्रशोधात (तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते दाखवणाऱ्या सोयीत) टाकून पाहा, पण तिथे काही सापडलं नाही म्हणून घर खरं ठरत नाही. व्हिडिओ कॉल मागा, आणि तोही रस्त्यापासून: फाटक, घराचा नंबर, जिना, मग दार, मध्ये न तोडता. आत गेल्यावर तुम्ही सांगाल तो नळ सोडायला आणि तुम्ही सांगाल ती खिडकी उघडायला लावा. आधी काढून ठेवलेल्या क्लिपमध्ये हे जमत नाही. मालकीच्या कागदाचा फोटो पुरावा धरू नका. नोंद सरकारी दफ्तरातून स्वतः काढा. त्या नोंदीतलं नाव, ताज्या लाइट बिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळत नसेल, तर कारण कितीही पटण्यासारखं असलं तरी पैसे पाठवू नका.

प्रत्यक्ष घर पाहूनही लोक फसतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन-तीन दिवसांसाठी भाड्यानं घेतलेला सजवलेला फ्लॅट स्वतः ‘मालक’ बनून दाखवायचा, एकाच तारखेचा ताबा चार-पाच जणांना कबूल करायचा आणि प्रत्येकाकडून डिपॉझिट घेऊन निघून जायचं. इथे शेजारी उपयोगी पडतात. इथे कोण राहतं, किती दिवसांपासून, एवढं विचारलं तरी बरंच कळतं, कारण लहान शहरात शेजाऱ्याला हे सहसा ठाऊक असतं.

आमच्या मते पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या जागेत काढावेत आणि घर तिथे पोचल्यावरच ठरवावं. हा खर्च जड वाटतो, पण डिपॉझिट बुडण्यापेक्षा तो परवडतो. ओळखपत्राची प्रत द्यावीच लागली तर ती कशासाठी दिली ते आणि तारीख तिच्यावर आडव्या ओळीत लिहा. नाहीतर पुढची खोटी जाहिरात तुमच्या नावानं निघू शकते.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर त्याच मिनिटाला बँकेला फोन करा, मग पोलिसांत तक्रार. रक्कम लगेच दुसऱ्या खात्यात वळवली जाते, त्यामुळे उद्यापर्यंत थांबलात तर ती अडवणं फार कठीण. समोरच्याला ब्लॉक करण्याआधी चॅट, जाहिरात, खाते क्रमांक आणि व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर ‘फी भरा, पैसे सोडवून देतो’ असा फोन येऊ शकतो. त्याला एक पैसाही देऊ नका.