पुणे ते लंडन बोटीचं टपाल: मार्च ते नोव्हेंबर १९०६ वापरल्यानंतर

गेल्या शनिवारी सकाळी धाकट्या भावाचं लंडनहून पत्र आलं. बॅरिस्टरीची फी भरायची मुदत जवळ आली आहे, ड्राफ्ट कोणत्या बँकेवर काढू ते दादांनी (म्हणजे मी) उलट टपाली कळवावं, असा मजकूर. उलट टपाली! त्याच दिवशी मुंबईहून बोट सुटत होती आणि पुण्याची विलायती थैली आदल्या रात्रीच घाट उतरून गेली होती. या एका गोष्टीनं इतका वैताग आणला आहे की अनुभव लिहूनच काढतो.

दर सगळ्यांना माहीत आहेत. १८९८ च्या नाताळापासून विलायतेला अर्ध्या औंसाला एक आणा, त्याआधी अडीच आणे पडत. पैशाच्या बाबतीत माझी काडीचीही तक्रार नाही. पाऊण तोळ्याहून जड पत्र पुण्याहून मुंबईला पाठवलं तरी आणाच लागतो. तेवढ्याच आण्यात तोळाभराचं पत्र अरबी समुद्र, तांबडा समुद्र, सुएझचा कालवा आणि अख्खा इटली-फ्रान्स ओलांडून भावाच्या दारात पडतं. महिन्याचा जमाखर्च मांडताना दर वेळी या खात्याचं समाधान वाटतं.

तक्रार आहे ती वारांची. लंडनहून टपाल शुक्रवारी संध्याकाळी निघतं आणि दोन आठवड्यांनी शुक्रवारी मुंबईला उतरतं. मुंबईची जाणारी बोट शनिवारी. गिरगावातल्या माणसाला पत्र शुक्रवारी मिळालं तर तो रात्री जागून उत्तर लिहितो आणि शनिवारी पोस्टात टाकतो. फोर्टातल्या पेढ्यांचं कामही असंच चालतं. पुण्यात मात्र पत्र शनिवारी हाती येतं, म्हणजे उत्तर पुढच्या शनिवारच्या बोटीनं. लंडनहून प्रश्न विचारून उत्तर मिळायला एरवी चार आठवड्यांवर एखाद-दोन दिवस लागतात, आमचे पाच आठवड्यांच्या वर जातात. नागपूर-अकोल्याकडच्यांचं काय होत असेल ते त्यांनी सांगावं. बोट सोमवारी सुटली तर निम्म्या मुलखाचा आठवडा वाचेल. पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी एडनला आणि सुएझच्या पलीकडच्या टोकाला पोर्ट सैदला टपाल दुसऱ्या बोटीवर चढतं, त्या जोड बोटींच्या वेळा जुळवाव्या लागतात हे मला कळतं, पण त्या वेळाही माणसांनीच ठरवल्या आहेत ना?

जादा तिकीट लावून स्टेशनवर थेट मेलगाडीच्या डब्यात पत्र देता येतं, हा उपाय बऱ्याच जणांनी सुचवला. करून पाहिला. पत्र शुक्रवारी रात्रीपर्यंत तयार असेल तरच त्याचा उपयोग. शनिवारी आलेल्या पत्राला त्यानं काही होत नाही, वर पैसे जातात.

पावसाळ्यापर्यंत माझं मत होतं की बोटीच मंद आहेत. आता तसं वाटत नाही. जून ते सप्टेंबर मुंबईहून एडनला जाणाऱ्या बोटीला नैऋत्येचा वारा समोरून झेलत सोळाशेवर मैल कापायचे असतात, तिथे थोडाफार उशीर होणारच. येणारं टपाल इतकं लवकर हाती का पडतं, तेही टपाल खात्यातल्या एका स्नेह्याकडून कळलं आणि मी थक्क झालो. एडन ते मुंबई बोटीवरच पोस्ट ऑफिस चालतं. आपले सॉर्टर भर समुद्रात, बोट डोलत असताना, हजारो पत्रं गावोगावची वेगळी करतात. बोट धक्क्याला लागते तेव्हा थैल्या बांधून तयार असतात आणि सरळ आगगाडीत चढतात. हे काम मुंबईत उतरल्यावर करायचं म्हटलं तर आमचं शनिवारचं पत्र रविवार-सोमवारवर गेलं असतं. या माणसांचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम घेतो आहे.

युरोपातली जोडणीही तितकीच चोख. पोर्ट सैदहून इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत आयसिस आणि ओसायरिस या दोन लहान, वेगवान बोटी फक्त टपाल आणि थोडे उतारू घेऊन धावतात. तिथून खास आगगाडी फ्रान्सच्या कॅले बंदरापर्यंत. पार्सलला मात्र हा रस्ता नाही. ते जिब्राल्टरला वळसा घालून समुद्रानंच जातं. मेतकूट आणि गोडा मसाला पत्राच्या बराच मागून पोचला, तेवढा वेळ धरूनच पाठवा.

एक सावधगिरी. आमच्या पेठेतल्या पोस्टाचा काटा अर्ध्या औंसाला भरवशाचा नाही. इथे 'बरोबर आहे' म्हणून घेतलेलं पत्र तिकडे नॉटपेड ठरलं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट आकार भावाला भरावा लागला. विद्यार्थ्याच्या खिशातून गेलेले ते पैसे मला अजून खुपतात. तेव्हापासून सोनाराकडून वजन करून घेतो. अर्धा औंस म्हणजे सव्वा तोळ्याला किंचित कमी. पातळ कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, पाकीट हलकं. यंदा रोमला भरलेल्या टपाल परिषदेत परदेशी पत्राचं वजन १५ ग्रॅमवरून २० ग्रॅम करायचं ठरलं आहे, अंमल १ ऑक्टोबर १९०७ पासून. विलायतेच्या एक आण्याच्या पत्रालाही अशी सवलत मिळाली तर घरच्या बायकांना चार ओळी जास्त लिहिता येतील. सध्या त्यांचा मजकूर माझ्या पत्राच्या समासात मावेल तेवढाच जातो.

ड्राफ्टचं उत्तर येत्या शनिवारच्या बोटीनं निघेल. भावाला कळवलं आहे की मुदतीचं काहीही असेल तर सहा आठवडे आधी लिही, आणि तोवर त्यानं तिथल्या ओळखीच्या सद्गृहस्थांकडून उसने घ्यावेत.