सेल्सची नोकरी आणि घरचं बीपी मशीन: अख्खा सीझन वापरल्यावर

बियाणं आणि कीटकनाशकांच्या सेल्सला आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्हे माझ्याकडे. दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन मागच्या हिवाळ्यात घेतलं. रब्बीची वसुली, मार्च एंड आणि त्यानंतरचा कपाशीचा पूर्ण सीझन त्याच्यासोबत काढलाय, त्यामुळे आता त्याबद्दल खात्रीने लिहू शकतो. मशीनमुळे ताण कमी होत नाही. तो कुठून येतो हे मात्र समजतं, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं ठरलं.

घ्यायचं कारण असं की संध्याकाळी डोकं जड व्हायचं, झोप मोडायची, आणि दवाखान्यात तपासलं की बीपी व्यवस्थित. डॉक्टरांनी सांगितलं की काहींचं बीपी दवाखान्यात नॉर्मल असतं आणि घरी किंवा कामावर वाढलेलं असतं. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात. याच्या उलटही होतं, पांढरा कोट दिसला की काहींचं वाढतं. म्हणून घरी मोजा. दवाखान्यात 140/90 ही मर्यादा धरतात, घरच्या मोजणीत 135/85.

मोजायची पद्धत मात्र नीट पाळावी लागते. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. उघड्या दंडावर पट्टा, दंड छातीच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची, डॉक्टर तीच बघतात. आमच्या धंद्यात यातला चहाचा नियम सगळ्यात अवघड. प्रत्येक दुकानात कट पुढे येतो आणि नाही म्हटलं तर डीलरला वाईट वाटतं. म्हणून संध्याकाळचं माप मी घरी येऊन, हातपाय धुऊन झाल्यावरच घेतो.

खान्देशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम बघावी. माझ्या मशीनच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान 10 ते 40 अंश दिलंय. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी पंख्याखाली बसूनही तेवढंच असतं. मी कूलरच्या खोलीत, सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर मोजायचो. गाडीच्या डिकीत तर मशीन ठेवूच नका. पारोळ्याला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं, तिथे सेल आणि रबरी नळीचं काय होईल ते सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. मापासोबत वहीत त्या दिवसाची एक ओळ लिहायची सवय लावली. कुठे गेलो, काय घडलं, एवढंच. सीझन चढत गेला तशा त्या ओळी आणि आकडे शेजारी ठेवून वाचायला लागलो.

शिरपूर-चोपडा बाजूला शेतकरी बैठका असायच्या, दिवसभर उन्हात, घसा बसलेला. तरी संध्याकाळी 124/80. साक्रीला उधारी मागायला गेलो, डीलर हात जोडून म्हणाला, “पानी पडू दे भाऊ, मंग देसू पैसा,” आणि रिकाम्या हाताने परतलो. त्या दिवशी थोडं जास्त होतं, पण झोपायच्या आधी उतरलेलं. आणि ज्या दिवशी रात्री नऊचा रिव्ह्यू कॉल असायचा, त्या दिवशी घरी आरामात बसलेलो असलो तरी 146/94, 148/92. कॉल संपल्यानंतर नाही, कॉलच्या आधी. संध्याकाळी सातला ग्रुपवर सगळ्यांची टार्गेट किती टक्के झालं याची शीट पडायची, ऐंशीच्या खालची नावं लाल रंगात. माझं बीपी त्या शीटपासूनच चढायला लागायचं. जेवताना लेकरू काय बोलतंय याकडे लक्ष नसायचं.

हे असं का होतं, हे बियाण्यातल्या माणसाला लगेच कळेल. आमचं टार्गेट प्लेसमेंटवर चालतं, म्हणजे डीलरच्या गोदामात किती माल उतरवला त्यावर. शेतकऱ्याने प्रत्यक्ष किती उचलला ते लिक्विडेशन, ते नंतर कळतं. ठिबकवाली बागायती कपाशी मेअखेरीला लागते, कोरडवाहू मात्र जूनच्या पावसावर. पाऊस लांबला की माल पडून राहतो आणि ऑगस्टमध्ये परत येतो. मे महिन्यात हिरवा असलेला आकडा तेव्हा लाल होतो. वर्षाची कमाई काही आठवड्यांत ठरते, आणि त्या आठवड्यांत ढग कुठे आहेत हे कोणत्याही शीटमध्ये दिसत नाही. ज्यावर आपला हात चालत नाही त्याचा जाब रोज रात्री द्यायचा, शरीर याने थकतं.

वही घेऊन साहेबांशी बोललो. तक्रारीचा सूर ठेवला नाही. आकडे दाखवले आणि दोन गोष्टी मागितल्या: कॉल सकाळी साडेआठला घ्या, आणि माझ्या रिपोर्टमध्ये प्लेसमेंटशेजारी किती दुकानं केली, जुनी बाकी किती सुटली, लिक्विडेशन किती, हेही येऊ द्या. पहिली मागणी सीझनबाहेरच्या महिन्यांपुरती मान्य झाली. दुसरी माझ्यापुरती मान्य झाली, ग्रुपच्या शीटमध्ये अजून नाही. पण सकाळच्या कॉलचा फायदा उघड आहे. त्यात जे ठरतं ते करायला पुढे अख्खा दिवस असतो. रात्रीच्या कॉलनंतर फक्त छताकडे बघणं उरायचं. कॉल हलल्यानंतरच्या आठवड्यात संध्याकाळची सरासरी 130/84 आली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही. मीठ कमी करा, चाला आणि मोजत राहा, म्हणाले. (शेवभाजी महिन्यातून एकदाच, पापड-लोणचं बंद. हे जड गेलं.)

सीझनमध्ये रात्रीचा कॉल राहिलाच. तेव्हा शीट पडली की फोन घरात ठेवून गच्चीवर जायचं आणि दहा मिनिटं संथ श्वास घ्यायचा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मशीनच्या नाडीच्या आकड्यावर दिसतं. एवढंच लक्षात ठेवा की माप आधी आणि श्वास नंतर. चांगला आकडा लिहिता यावा म्हणून आधी श्वास घेतला तर डॉक्टरांपुढे खोटी वही जाते.

उणी बाजूही आहे. सारखं सारखं मोजायची ओढ लागते, आणि एकदा जास्त आलं की त्या धसक्याने पुढचं आणखी वाढतं. आमच्या घरी अप्पांचं असं झालं. मशीनमध्ये दोघांची नोंद वेगळी राहते म्हणून तेही वापरायला लागले आणि दिवसातून कितीदा तरी पट्टा बांधायचे. आता त्यांच्यासाठीही मशीन सकाळ-संध्याकाळच कपाटाबाहेर निघतं.

आणि मन किती पोखरलंय ते यात दिसत नाही. नंदुरबारकडचा माझा सहकारी, बीपी एकदम नॉर्मल, पण पहाटे तीनला जाग यायची आणि नोकरी सोडून कुठेतरी निघून जावं असं वाटायचं. त्याने टेली-मानसच्या 14416 वर फोन केला. 2022 मध्ये सुरू झालेली ही मानसिक त्रासासाठीची सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिथून त्याला पुढे डॉक्टरांकडे जायचा रस्ता मिळाला. तशी अवस्था असेल त्याने मशीनवर पैसे घालण्याआधी हा फोन करावा.

घ्यायचंच असेल तर मनगटाचं नको, दंडाचं घ्या, आणि क्लिनिकली व्हॅलिडेटेड, म्हणजे माणसांवर चाचणी करून अचूकता पडताळलेलं, आहे का ते विचारा. दुकानात जाण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजून न्या. पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढून दिसतो. माझा घेर 34 सेंटिमीटर असल्याने सोबतचा 22 ते 32 चा पट्टा चालला नाही, मोठा वेगळा मागवावा लागला आणि त्याचे पैसे वेगळे गेले.