भेटू देत नसतील तिथे पेशंट ठेवू नका

पुण्याच्या आसपास, हायवेपासून थोडं आत, बंगला नाहीतर फार्महाऊस भाड्याने घेऊन चालवलेली बरीच 'पुनर्वसन केंद्रं' आहेत. त्यातली काही मनापासून चाललेली आहेत, हे आधीच सांगतो. आम्ही ज्यात अडकलो त्याचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय. शिवाय नाव सांगूनही फारसं हाती लागत नाही, या लोकांना पाटी बदलायला एक दिवस पुरतो. त्यांची पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून तीच सांगतो.

पेशंट म्हणजे माझा भाचा. इंजिनिअर, तिशीच्या आतला, बायपोलर, म्हणजे कधी मन भलतंच उसळतं तर कधी पार खचतं असा आजार. लिथियमच्या गोळ्यांवर कित्येक वर्षं ठीक चाललं होतं. मग 'आता मी बरा आहे' म्हणून त्याने गोळ्या सोडल्या आणि काही आठवड्यांत झोप उडाली. रात्र रात्र फोन, ॲपवरून काढलेली कर्जं, सोसायटीत भांडणं, आणि एके दिवशी आईवर उगारलेला हात. या उसळलेल्या अवस्थेला मॅनिया म्हणतात, ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ते सांगायला नको. आमचे नेहमीचे मनोविकारतज्ज्ञ नेमके परगावी. सिव्हिलला न्यायचं तर हा गाडीत बसेना. ताई घरात एकटी, भाऊजी जाऊन बरीच वर्षं झालेली. तिने रात्री मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला 'हेल्पलाइन' नंबर फिरवला.

तो नंबर कुठल्याच केंद्राचा नव्हता, दलालाचा होता. असे लोक पेशंट मिळवून देतात आणि केंद्राकडून कमिशन घेतात. फोनवरची बाई फार मायेने बोलली, ताई म्हणते. तिने विचारलं काय, तर राहता कुठे, पेशंटचं वजन किती, मारतो का, आणि महिन्याला किती जमेल. निदान काय, गोळ्या कोणत्या चालू होत्या, थायरॉइड-किडनीचा काही त्रास आहे का, यातलं एकही नाही. डॉक्टरकडचा माणूस आधी औषधं विचारतो. दलाल आधी वजन विचारतो, कारण उचलायला किती पोरं पाठवायची ते त्यावर ठरतं.

पोरं आली मध्यरात्रीनंतर. चौघं, एका व्हॅनमधून. त्यांच्यात डॉक्टर नाही, नर्स नाही. हात बांधले आणि घेऊन गेले. ताईने त्याच रात्री यूपीआयने पैसे भरले: तीन महिन्यांचे आगाऊ ७५,०००, 'पिकअप'चे १५,००० आणि 'मेडिकल डिपॉझिट' २०,०००. एकूण १,१०,०००. खातं संस्थेच्या नावाचं नव्हतं, एका व्यक्तीच्या नावाचं होतं. पावती व्हॉट्सॲपवर आली, त्यावर नोंदणी क्रमांक नाही, जीएसटी क्रमांक नाही, फक्त हात जोडलेलं चित्र.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याहून फोन केला. मॅनेजर 'काका, काका' करत बोलला. भेटायला कधी येऊ विचारलं तर म्हणाला, "काका, पहिले पंचेचाळीस दिवस भेट नाही आणि फोनही नाही. घरचं माणूस दिसलं की पेशंट डिस्टर्ब होतो, ट्रीटमेंट फुकट जाते. आमचा प्रोटोकॉलच आहे तसा."

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. बाकीची लबाडी या नियमावर उभी असते. भेट नसली की आत डॉक्टर आहे की नाही ते दिसत नाही, औषध चालू आहे की नाही ते कळत नाही, पेशंट काय खातो, कुठे झोपतो, कोणाचा मार खातो, काहीच बाहेर येत नाही. आणि पंचेचाळीस दिवसांत आगाऊ भरलेले पैसे निम्मे वसूल झालेले असतात. कायदा नेमका उलटं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये दाखल असलेल्या पेशंटला भेटीचा, फोनचा, पत्राचा हक्क दिलेला आहे. कुणाला भेटायचं नाही हे तो स्वतः सांगू शकतो. मॅनेजर सरसकट बंदी घालू शकत नाही.

मधल्या काळात आम्हाला काय मिळत होतं? आठवड्याला एक व्हॉइस क्लिप. 'पेशंट छान आहे, प्रार्थनेला बसतो, भांडण नाही, शांत झालाय.' हे 'शांत झालाय' ऐकून ताई रडायची, बरं वाटून. घरात इतके आठवडे आरडाओरडा ऐकलेल्या माणसाला शांतता म्हणजेच सुधारणा वाटते, आणि धंदेवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाचा भारी डोस दिला की कोणीही शांत होतो. ते औषध वाईट नाही, वॉर्डात इमर्जन्सीला रोज वापरतात, पण ते देताना नाडी, रक्तदाब, अंगाचा ताठरपणा कोणीतरी जाणता माणूस बघत असतो. इथे ते कोण बघत होतं, हे आम्हाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

भांडं फुटलं ते आमच्या डॉक्टरांमुळे. ते परत आल्यावर ताईने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लिथियम परत चालू केलंय का? केलं असेल तर लेव्हल मागवा." लिथियम हे अंदाजाने द्यायचं औषध नाही. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवायची असते, १.५ च्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं. शिवाय किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या.

केंद्राने आधी टाळाटाळ केली, मग डिपॉझिटमधून 'लॅब चार्जेस' कापून घेतले आणि तीन वेगवेगळ्या तारखांचे तीन रिपोर्ट पाठवले. तिन्हींत लिथियम ०.८०. पॉइंटाचाही फरक नाही. लॅबचं नाव नाही, पॅथॉलॉजिस्टचा नोंदणी क्रमांक नाही, रक्त घेतल्याची वेळ तिन्हींवर दुपारी चार, म्हणजे शेवटची गोळी पहाटे चारला दिली असं मानायचं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "याला आजच्या आज बाहेर काढा."

बाहेर काढणं इतकं सोपं नव्हतं. गेटवर सांगितलं, 'नोटीस पिरियड'चे एक महिन्याचे पैसे भरा, मग सोडतो. जवळच्या पोलीस चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, "घरच्यांनीच ठेवलाय ना? मग हा तुमचा आपसातला मामला." त्यांनाही दोष देत नाही, असली प्रकरणं त्यांच्याकडे रोज येत असणार. शेवटी एका ओळखीच्या वकीलबाईंनी अर्ज लिहून दिला: जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, प्रत राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, प्रत पोलीस ठाण्याला. सोबत आमच्या डॉक्टरांचं पत्र. मॅनेजरच्या मोबाइलवर त्या अर्जाचा फोटो टाकला आणि गेटसमोर उभे राहिलो. नोटीस पिरियडचा विषय पुन्हा निघाला नाही.

भाचा बाहेर आला तो चालत, पण कसा! हात शरीराला चिकटलेले, पावलं घासत, तोंडातून लाळ. डोकं भादरलेलं. घोट्याला जुना वळ होता. मी विचारलं कसला, तर म्हणाला, "मामा, सुरुवातीला रात्री बांधायचे." तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका ठिकाणी ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं पळता न आल्यामुळे जळून मेली. आताच्या कायद्यात साखळीने बांधणं सपशेल मना आहे, जबरदस्तीने डोकं भादरणंसुद्धा. वीसेक वर्षांत एवढा फरक कागदावर पडला.

डिस्चार्ज कार्ड मागितलं तेव्हा 'सर बाहेर गेलेत'. हे 'सर' म्हणजे केंद्राच्या पत्रकावर फोटो असलेले मनोविकारतज्ज्ञ. आमच्या वकीलबाईंनी त्यांना शोधून फोन केला. ते म्हणाले, मी तिथे पूर्वी कधीतरी जायचो, आता संबंध नाही. केंद्रातल्या 'सायकॉलॉजिस्ट' मॅडमकडे सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट होतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक असतो, डॉक्टरला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा. दोन्ही विचारता येतात, आणि खरा माणूस विचारल्याचा राग मानत नाही.

सगळ्यात मोठी चलाखी मात्र आम्हाला नंतर, कागद हातात आल्यावर दिसली. भाच्याचा दाखल फॉर्म 'व्यसनमुक्तीसाठी स्वेच्छेने' असा भरलेला होता. दारूच्या थेंबाला न शिवलेला पोरगा! आणि खाली अंगठा. इंजिनिअर माणसाचा अंगठा! का, ते वकीलबाईंनी समजावलं. पेशंटच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कायद्याने दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच हवा. ती मुदत ३० दिवसांची असते आणि मंडळाला ७ दिवसांत कळवावं लागतं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. एवढं सगळं केलं तर बाहेरच्या लोकांची नजर पडणार. त्यापेक्षा 'स्वतःहून आला' लिहिलं की झालं. पण स्वतःहून आलेल्याने मागितलं की सोडायला हवं, फार तर २४ तास थांबवून तपासता येतं. म्हणजे कागदावर हा मोकळा आणि प्रत्यक्षात गेटला कुलूप.

या एका खोट्या शब्दाने आमचा विम्याचा क्लेमही गेला. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं असं हाच कायदा सांगतो. पण आमच्या पॉलिसीत व्यसनमुक्तीचा खर्च वगळलेला, आणि कागद म्हणत होता व्यसनमुक्ती. त्यातून केंद्राची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणीच नव्हती. 'आम्ही हॉस्पिटल नाही, फक्त व्यसनमुक्ती केंद्र आहोत, आम्हाला ती लागत नाही' असं मॅनेजर सांगतो, ते खोटं आहे. दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक विकार कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट धरलेले आहेत. विनानोंदणी चालवल्याबद्दल पहिल्या वेळचा दंड मात्र ५,००० ते ५०,००० रुपये. आमच्याकडून एका रात्रीत याच्या दुपटीहून जास्त घेतले होते, तेव्हा दंड भरूनही धंदा परवडतो.

भाच्याला नंतर एका मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात ठेवलं. तिथे पहिल्याच दिवशी सिस्टरने सांगितलं, "घरचं एक माणूस सोबत राहिलंच पाहिजे." मी आणि ताई आळीपाळीने राहिलो. रक्त तपासलं तर लिथियम जवळजवळ शून्य. ताठरपणावर औषध दिलं, हळूहळू लिथियम चढवलं, लेव्हल खरीखुरी पाहिली. गोळी देताना सिस्टर नाव सांगायच्या, काय त्रास होईल तेही सांगायच्या. सोबत राहिल्यामुळे ताईलाही आजार पहिल्यांदा नीट समजला. हे काही नवीन खूळ नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना पेशंटसोबत ठेवायला सुरुवात केली होती, आणि माणसं लवकर सुधारून घरी जायची. आता कोणी मला 'घरचे दिसले की ट्रीटमेंट फुकट जाते' सांगितलं, तर मी विद्यासागरांचं नाव घेतो.

तुमच्या घरात आत्ता अशी रात्र चालू असेल तर सल्ले वाचायला वेळ नसतो, म्हणून कामाचं तेवढंच. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मराठीत बोलतात. त्यांना जवळची सरकारी सोय विचारा. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि गोव्यात बांबोळीची संस्था. येरवड्याचं नाव काढलं की आपल्याकडे लोक हसतात. हसू देत, तिथे निदान मनोविकारतज्ज्ञ असतो आणि कागद खरा असतो. खासगीतच ठेवायचं तर पैसे भरण्याआधी नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मागा, डॉक्टरांशी स्वतः बोला, आणि 'उद्या भेटायला येतो' म्हणून पाहा. उत्तर काय येतं त्यावर ठरवा. तीन महिन्यांचे आगाऊ कुणालाही देऊ नका.

ज्यांचा माणूस आधीच आत आहे त्यांनी फोनवर भांडत बसू नये, मॅनेजर फोनवर पटाईत असतो. लेखी मागा. औषधांची आणि तपासण्यांची नोंद मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. यूपीआयच्या नोंदी, व्हॉइस क्लिप, व्हॅनचा नंबर, काही पुसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मानसिक आजाराच्या पेशंटला मोफत मिळतो, हे आम्हाला कळायलाच उशीर झाला.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. केंद्राने तारखेला वकील पाठवून म्हणणं मांडायला मुदत मागितली आहे. मधल्या वेळात बंगल्यावरची पाटी बदलली. नवीन नाव इंग्रजी आहे, खाली मोबाइल नंबर जुनाच.